फळीसमोरचा चौथा

पहिल्याच रात्री मी त्याला कस लावला. १९९२ची दिवाळी होती. मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्यांसकट नऊ माणसं दाटीवाटीनं झोपली होती. मी स्वयंपाकघरातला दिवा लावून, ओट्यावर कसोटीचा दगड ठेवून बसलो होतो. मेहुणा बोटीवर इंजिनीअर. कोबे बंदरातून त्यानं ते नाणं आणलं होतं. "भावोजी, तुमच्या धंद्यातलं आहे म्हणून आणलं," एवढंच बोलून त्यानं शर्टाच्या खिशातून काढून दिलं, जसं काही बसचं तिकीट.

नाणं चौकोनी, लांबट. बोटाच्या पेराएवढंसुद्धा नाही. एका अंगाला किरी नावाच्या झाडाची फुलंपानं आणि मध्ये 'दोन बू' अशी किंमत. दुसऱ्या अंगाला मित्सुत्सुगु हे टांकसाळीच्या मूळ धन्याचं नाव. नाणं १८६० नंतरचं. म्हणजे तो मित्सुत्सुगु जाऊन तोवर दोनशेहून जास्त वर्षं लोटली होती, तरी सोन्यावर नाव त्याचंच चालू होतं. हे सगळं मला पुढे कळलं. त्या रात्री मला फक्त पिवळा रंग दिसत होता, आणि हाताला वजन हलकं लागत होतं.

एक कड हलक्या हातानं दगडावर ओढली. रेघ पिवळीधमक. मग त्याच जागी जरा दाबून ओढली. आता रेघ फिकट आली, चांदीकडे झुकलेली. तेजाबाचा थेंब टाकला तर ती जवळजवळ पुसलीच गेली. मी मनात म्हटलं, मुलामा. मेहुण्याला कोणीतरी गंडवलं. सकाळी त्याला काही सांगितलं नाही. नाणं मात्र बायकोच्या नथीच्या डबीत टाकून दिलं आणि तीन-चार वर्षं विसरून गेलो. कडेवरचा तो ओरखडा आजही आहे. फोर्टमधल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्यानं तो भिंगातून पाहिला आणि म्हणाला, "हे कोणत्या गाढवानं केलं?" मी म्हटलं, "आधीच्या मालकानं असेल." खोटंही नव्हतं. त्या रात्रीचा मी नाण्याचा मालक कुठे होतो? मी सराफ होतो.

तर माझा धंदा. मी एका पतपेढीसाठी सोनं पारखायचो. तारणावर कर्ज काढायला माणसं यायची, काचेमागे बसून मी त्यांचा ऐवज बघायचो. कस सांगायचा, वजन सांगायचं, पाकिटावर सही करायची, लाख लावायची. वडिलांकडून शिकलेलं. ते झवेरी बाजारात कारागीर होते. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, आणि हजारो सोनारांसारखे तेही भट्टी विझवून भांडुपच्या एका कारखान्यात हजेरीवर लागले. रविवारी मात्र दगड काढायचे आणि मला बसवायचे. डोळे मिटून रेघ ओढायची, मग डोळे उघडायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तेहेतीस वर्षं मी हे केलं. पोहेहार, पाटल्या, तोडे, मोडकी कुडी, एकदा तर सोन्याचा एक दातसुद्धा. एवढं सोनं बोटांतून गेलं, पण एकाही तुकड्याबद्दल 'हा आपल्याकडे हवा होता' असं कधी वाटलं नाही. यात माझा काही मोठेपणा नव्हता. दुधाच्या डेअरीवर काम करणाऱ्याला कुठे दूध प्यावंसं वाटतं?

साधारण १९९६-९७ला विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली एक मुलगी आईची बांगडी घेऊन आली. पालीत एम.ए. करत होती, फीसाठी पैसे हवे होते. मी दगडावर बांगडी ओढत होतो, तर ती काचेला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या पुस्तकात आहात."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पुढच्या महिन्यात व्याज भरायला आली तेव्हा तिनं एक झेरॉक्स आणली. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग', पाली भाषेत पण अक्षरं देवनागरी, संपादक धर्मानंद कोसंबी, प्रकाशक भारतीय विद्या भवन, साल १९४०. भवन तेव्हा अंधेरीत होतं. पंधराशे वर्षांमागे सिंहलद्वीपात लिहिलेला ग्रंथ अंधेरीहून निघावा याचंच मला जास्त नवल वाटलं. तिला त्याचं काही नव्हतं. तिनं बोट ठेवून अर्थ सांगितला.

सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे. तीन माणसं बघताहेत. एक अजाण पोर, एक गावकरी आणि खुद्द सराफ. पोराला नाण्याचा आकार कळतो, त्यावरची नक्षी कळते, लांब आहे की चौकोनी की गोल ते कळतं, पण याचा माणसांना काही उपयोग असतो हे त्याच्या गावी नसतं. गावकऱ्याला तेवढं कळतं, आणि याला किंमत आहे, यानं वस्तू मिळतात, हेही कळतं. पण खरं कोणतं, खोटं कोणतं, अर्धं हिणकस कोणतं, ते कळत नाही. सराफाला हे सगळं कळतं. तो बघून ओळखतो, वाजवून ओळखतो, हुंगून, चाखून, तळव्यावर तोलून ओळखतो. शिवाय हे कोणत्या गावी, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिरानं पाडलं तेही सांगतो. बुद्धघोषाच्या हिशेबात पोर म्हणजे संज्ञा, गावकरी म्हणजे विज्ञान आणि सराफ म्हणजे प्रज्ञा.

"म्हणजे तुम्ही प्रज्ञा," ती म्हणाली.

मी हसलो. पण रात्री नथीच्या डबीतून ते चौकोनी नाणं बाहेर काढलं. प्रज्ञेला निदान ते कुठलं आहे एवढं तरी सांगता यायला हवं होतं.

पुढची काही वर्षं मी शोधत राहिलो. वाचनालयं पालथी घातली, नाण्यांची प्रदर्शनं हिंडलो, मेहुण्याला जपानहून पत्रकं आणायला लावली. आणि कळलं की माझ्या दगडानं बरोबर सांगितलं होतं, चुकलो होतो मी. ते नाणं खोटं नव्हतं. एडोच्या सरकारनं ते तसंच पाडलं होतं: वजन तीन ग्रॅम, त्यात सोनं शेकडा बावीस-तेवीस भाग, बाकी जवळपास सगळी चांदी. मग रंग कुठला? तर पाडलेल्या नाण्याला हिराकस, मोरचूद, सोरा, टाकणखार, मीठ अशा द्रव्यांचा लेप देऊन तापवत. वरच्या पातळ थरातली चांदी त्यात निघून जाई, आणि उरलेलं सोनं कातडीसारखं वर राही. वाचताना मला हसू आलं. यातला प्रत्येक जिन्नस माझ्या वडिलांच्या फळीवर बरण्यांत होता. आपणही उजाळा देतोच की.

पण उजाळा वेगळा आणि मुलामा वेगळा, हे इतक्या वर्षांत मला नीट सुचलं नव्हतं. मुलाम्यात बाहेरून सोनं आणून चढवतात. इथे कोणी काही चढवलं नव्हतं. फक्त हीण काढून टाकलं होतं, आणि तेही जेवढं दिसतं तेवढ्यातलंच. त्यागानं शुद्ध झालेलं, पण कातडीपुरतं. असे काही साधू मी पाहिले आहेत. त्यांना खोटं म्हणवत नाही, कारण जे वर दिसतं ते शंभर नंबरी असतं. दाबून रेघ ओढू नये एवढंच.

हे असं का झालं त्याचीही गोष्ट आहे. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं. जपानात तेव्हा पाच भार चांदीला एक भार सोनं मिळे, बाहेरच्या जगात पंधरा भारांना एक. परदेशी व्यापारी मेक्सिकन चांदीचे डॉलर घेऊन यायचे, त्यांचं जपानी सोनं करायचे, शांघायला नेऊन विकायचे आणि तिप्पट चांदी घेऊन परत यायचे. कोबान नावाच्या सोन्याच्या नाण्यांची रीघ लागली बाहेर. त्यावर सरकारनं १८६० साली उपाय काढला. कोबानच लहान केलं. १६०१चं केइचो कोबान पावणेअठरा ग्रॅमांचं, सोनं शेकडा चौऱ्याऐंशीच्या वर. १८६०चं मान्एन कोबान सव्वातीन ग्रॅमांचं, सोनं शेकडा सत्तावन्न. नाव तेच, किंमत तीच, एक र्यो. आणि खालच्या दोन बूच्या नाण्यांत तर सोन्याचा वासच. १६०१ ते १८६० या अडीचशे वर्षांत कोबानाची दहा रूपं झाली. एकेका रूपामागे कुठल्या तरी खजिनदाराची तारांबळ.

दहा. हा आकडा कळला आणि माझं बिघडलं. तोवर माझ्याकडे एक नाणं होतं. आता दहा नव्हती.

कोबान मला कधीच परवडणार नव्हतं. पण इथे मुंबईतच एका वयस्कर संग्राहकाकडून दोन शूचं एक चिमुकलं नाणं घेतलं, पाऊण ग्रॅमाचं, सब्जाच्या चिमटीएवढं. पुढे बोनसमधून मेइजी काळातलं एक येन. १८७१च्या कायद्यानं एक येन म्हणजे दीड ग्रॅम शुद्ध सोनं ठरलं होतं, हे नाणं नव्वद टक्क्यांचं, म्हणून वजन १.६७. तळहातावर ठेवलं तर शर्टाचं बटण. तीन नाणी झाली, आणि एक वही. वहीत काय आहे ते एका पानात मावलं. काय नाही त्यानं बाकीची वही भरली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कच्छी शेठ राहतात. जैन. त्यांनी घरात ठेवायच्या वस्तूंना मर्यादा घालून घेतली आहे: इतके कपडे, इतकी भांडी, इतकं सोनं. त्याला परिग्रह-परिमाण म्हणतात. नवा धोतरजोडा आला की जुना जातो. त्यांना मी नाणी दाखवली तेव्हा त्यांनी हातात घेतली नाहीत, वाकून पाहिली. मग विचारलं, "किती झाली की थांबणार?" मी म्हटलं, "दहा कोबान." ते म्हणाले, "ही मर्यादा नाही भाऊ, ही तर यादी आहे."

मला राग आला. म्हटलं, माझ्या तीन नाण्यांत मिळून अडीच ग्रॅमही सोनं नाही, तुमच्या सूनबाईच्या एका बांगडीत दहा ग्रॅम आहे. परिग्रह कोणाचा मोठा? ते शांतपणे म्हणाले की ग्रॅम मोजून हे ठरत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह सांगताना वस्तूंची गणती केलीच नाही, बोट ठेवलं ते मूर्च्छेवर. वस्तूपाशी माणसाची शुद्ध हरपते, ती मूर्च्छा. "तुम्ही बांगडीला कस लावता तेव्हा शुद्धीत असता," ते म्हणाले. "आणि या डबीपाशी?"

उत्तर नव्हतं. पण तेव्हापासून बुद्धघोषाच्या फळीभोवती मला एक जागा रिकामी दिसू लागली. पोर, गावकरी, सराफ. संग्राहक कुठे आहे? तो पोरासारखा नक्षी बघत बसतो. गावकऱ्यासारखी किंमत जाणतो, प्रदर्शनात तर दुसरं काही बोलतच नाही. सराफासारखं टांकसाळ, साल, कारागीर सांगतो. तिघांचं सगळं त्याच्याकडे आहे. आणि तिघांपैकी कोणीच जे करत नाही ते तो करतो. फळीवरचं नाणं उचलून घरी नेतो. सराफाची फळी ही जाण्या-येण्याची जागा आहे. नाणी तिच्यावर येतात, परीक्षा होते, जातात. त्याला इतकं स्वच्छ दिसतं याचं कारण, मला वाटतं, हेच असेल की त्यातलं एकही त्याला ठेवून घ्यायचं नसतं. मला इतरांचं सोनं तेहेतीस वर्षं लख्ख दिसलं. माझ्या नाण्याला मी एकदाच खरा कस लावला, जेव्हा ते माझं आहे असं वाटलं नव्हतं तेव्हा. आता तो ओरखडा मी भिंगाखाली बघतो आणि जीव कळवळतो.

भिक्खूंच्या नियमांतही सोन्यावर बारीक विचार आहे. भिक्खूनं सोनं-रुपं घ्यायचं नाही. चुकून घेतलंच तर संघासमोर ठेवायचं, आणि कोणी उपासक त्याचं तूप-तेल करून द्यायला तयार नसेल तर संघ एका भिक्खूला ते टाकून देण्यासाठी नेमतो. तो लोभ, द्वेष, मोह, भय यांच्या आहारी न जाणारा हवा. आणि टाकायचं कसं, तर कुठे पडलं याची खूण न ठेवता. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझा सगळा छंद म्हणजे खूण ठेवणं. कुठे मिळालं, कोणाकडून, किती तारखेला, कितीला.

तरी संघ पैशाशिवाय चालला असं नाही. बोरिवलीमागच्या कान्हेरीच्या लेण्यांत व्यापाऱ्यांनी दिलेल्या अक्षयनीवीचे लेख आहेत. मुद्दल हलवायचं नाही, व्याजावर भिक्खूंची वस्त्रं भागवायची. नाशिकला उषवदातानं तीन हजार कार्षापण दिले ते विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एकानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. भिक्खूच्या हातात नाणं नाही, अंगावर चीवर आहे. पतपेढीतल्या माणसाला हा व्यवहार लगेच कळतो. नाणं कोणाचंही असो, ते फिरत ठेवलेलं होतं.

धर्मानंदांच्या मुलाचा, दामोदर कोसंबींचा, इथे संबंध येतो. बाप गोव्यातल्या सांखवाळचा. १८९९ साली घर सोडलं ते बुद्ध शोधायला, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पायाखाली घातले, विसुद्धिमग्गाच्या कामासाठी हार्वर्डला पुन्हापुन्हा गेले. अंधेरीची आवृत्ती निघाली ते साल १९४०. आणि त्याच सुमारास मुलगा पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता तराजू घेऊन जुनी आहत नाणी तोलत होता. तक्षशिलेला १९२४ साली सापडलेल्या साठ्यातली चांदीची नाणी. एकेक करून. त्याचं म्हणणं असं: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. मागच्या अंगाला लहानलहान ठसे असतात, ते वेळोवेळी तपासणाऱ्या सराफांचे. ठसे जितके जास्त तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे वजनातली घट हेच नाण्याचं वय. खात्री करायला त्यानं चालू बाजारातली, खिशातली नाणीसुद्धा तोलली. बापानं सराफाचा दृष्टान्त छापला आणि मुलगा फळीवर जाऊन बसला. बापाच्या पुस्तकावरून मुलाला ते सुचलं असं म्हणायला मला काही आधार नाही. पण एकाच घरात हे दोन उद्योग चालावेत, याचा मला आनंद होतो.

धर्मानंदांनी ४ जून १९४७ला सेवाग्रामात देह ठेवला, आपणहून अन्न सोडून. पार्श्वनाथाच्या धर्मावर त्यांनी लिहिलं होतं, जैनांची ती वाट त्यांना मान्य होती. कच्छी शेठांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मुलगा पुढे रोज डेक्कन क्वीननं पुण्याहून मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये येत असे. १९६६ साली गेला.

झिजेचं ते गणित वाचल्यावर मी माझं नाणं तोललं. २.९९. दरवर्षी दिवाळीत तोलतो. २.९९. प्लास्टिकच्या पाकिटात त्याचं वय वाढायचं थांबलं आहे. कोबानाच्या मागच्या अंगाला तपासनिसांचे ठसे जपान्यांकडेही असतात. माझ्या नाण्याला कडेवर माझा ओरखडा आहे. कोसंबींच्या हिशेबानं बघितलं तर त्या रात्री मी एक सराफ म्हणून त्याच्यावर ठसा मारला, आणि तो बहुधा शेवटचा. त्यानंतर ते चलनात नाहीच.

मुलुंड स्टेशनबाहेर मोबाइलच्या दुकानांत काउंटरवर हात हलवणारी सोनेरी मांजर असते. गिऱ्हाईक बोलावते म्हणे. एरवी मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागे जाणारे दुकानदार तिला उदबत्ती लावतात. तिच्या दुसऱ्या पंज्यात लंबगोल पाटी असते ना, ते कोबान. जपानीत म्हण आहे की मांजराला कोबान देऊन काय उपयोग. आपण गाढव आणि गूळ म्हणतो. मुंबईच्या उपनगरांत हजारो कोबान आहेत, सगळी प्लास्टिकची, सगळी मांजराच्या ताब्यात. त्यातल्या एकीकडेही यादी नाही.

गेल्या मे महिन्यात नात आली होती. सहा वर्षांची. डबी उघडीच होती, तिनं पाकिटातून नाणं काढलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "आजोबा, हे सिम कार्ड कोणाचं?" चौकोनी आहे, त्यावर काहीतरी आहे. पहिला माणूस अगदी बरोबर बोलला होता. मी हात पुढे केला, तेवढ्यात ती म्हणाली, "हे माझ्या दुकानात पैसे म्हणून चालेल?"

गॅलरीत तिनं दुकान मांडलं होतं. स्टुलावर वाटाणे, चिंचोके, पेन्सिलीची टोपणं. मी गिऱ्हाईक. मी चहा मागितला. तिनं रिकामा कप दिला, नाणं घेतलं, फरशीवर आपटून वाजवलं (हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे) आणि मला तीन चिंचोके परत दिले. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं दोन बू बहुधा फार काळानं पुन्हा कोणीतरी कशासाठी तरी दिलं होतं. आवाज बद्द आला, चांदीचा.

मग तिनं ते ठेवायला नेलं. खूण ठेवायची नाही, बघायचं नाही, असं मी ठरवलं. मान वळवून खाली रस्त्यावरची भाजीची गाडी बघत बसलो. आणि काचेत दिसलंच: लाल डबा, वाटाण्यांच्या खाली.